सल्ला हवा: विकरं आणि उष्णता, नववी-दहावीसाठी कोणते प्रयोग घ्यावे?

घाटंजीची_शिक्षिका
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावी विज्ञान शिकवते. शाळा सातची असते आता, पण आमची खोली टिनपत्र्याची. साडेअकराला भिंतीवरचा तापमापक ४१ दाखवतो.

मागच्या आठवड्यात लाळेचा प्रयोग घेतला. भाताची पेज, लाळ आणि आयोडीन: लाळेतलं विकर (एन्झाइम) पेजेतलं स्टार्च फोडतं, आणि स्टार्च उरलं असेल तरच आयोडीनने निळा रंग येतो. एक नळी खोलीत ठेवली, एक कोमट पाण्यात ३७ अंशांवर, एक बर्फात, एक उकळत्या पाण्यात. दहा मिनिटांनी आयोडीन टाकलं तर चारही नळ्या सारख्या! कुठेच निळा रंग नाही, उकळत्या पाण्यातल्या नळीतही नाही. पुस्तकात तर लिहिलंय की उकळल्यावर विकर निकामी होतं. मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, उकळलं तरी काम करून राह्यलं न जी हे!" मला त्याला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

आता पुन्हा करायचं आहे आणि नीट करायचं आहे. एक प्रयोग विकरांचा, एक शरीरातून उष्णता कशी जाते त्याचा. सामान म्हणजे सहा परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा. वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. थर्मामीटर एकच होता, तो फुटला. काय घ्यावं, काय टाळावं, सांगाल का?

धुऱ्यावरचा_मास्तर
ताई, लाळ सोडा, बटाटा घ्या. कच्चा बटाटा किसायचा, समान मापाने दोन नळ्यांत भरायचा, एकीतला आधी उकळून गार केलेला. दोन्हींत भांड्याच्या साबणाचा एकेक थेंब आणि हायड्रोजन परॉक्साइड. कच्च्या बटाट्यातलं विकर परॉक्साइड फोडतं, त्या नळीत फेस चढत जातो, उकळलेल्यात काहीच नाही. फेसाची उंची पट्टीने मोजता येते, म्हणजे आलेखही निघतो. विझत आलेली उदबत्ती फेसात धरली की निखारा फुलतो, कारण तो वायू ऑक्सिजन आहे. पोरं हे विसरत नाहीत.

मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांची, २० व्हॉल्यूम लिहिलेली बाटली मिळते. तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. प्रयोगशाळेचं ३० टक्केवालं मात्र वर्गात आणूच नका, कातडी भाजते. आणि बाटली जुनी नको, सावलीतली हवी. उन्हात ठेवलेलं परॉक्साइड आपोआप पाणी होऊन बसतं, मग बटाट्याला दोष लागतो.

प्रयोगशाळेतला_दादा
मॅडम, मी वर्धेकडे एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या पोट्ट्याचा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायलाच पाहिजे, म्हणून जरा लांब लिहितो.

उकळत्या पाण्यातल्या नळीत आयोडीन टाकलं तेव्हा नळी गरम होती ना? पेजेचा आणि आयोडीनचा निळा रंग गरम असताना दिसतच नाही, तो गार झाल्यावर परत येतो. स्टार्च तिथेच होतं, रंग लपला होता. आज नुसती पेज आणि आयोडीन घ्या, निळी झालेली नळी गरम पाण्यात बुडवा. रंग जाईल. मटक्याच्या पाण्यात धरा, परत येईल. हे त्या मुलाच्या हातूनच करून घ्या. पुढे एकच शिस्त पाळायची: आयोडीन नळीत टाकायचं नाही. पांढऱ्या बशीत आयोडीनचे थेंब आधीच मांडून ठेवायचे आणि दर मिनिटाला प्रत्येक नळीतला एक थेंब त्यावर सोडायचा. बशीवर थेंब लगेच गार होतो. शिवाय निळा रंग कोणत्या मिनिटाला गेला तेही कळतं. दहा मिनिटांनी एकदाच पाहिलं तर हळू चाललेलं आणि भरभर चाललेलं, दोन्ही संपलेलंच दिसतं. तुमच्या खोलीतल्या आणि कोमट पाण्यातल्या नळीचं तेच झालं.

आणखी एक. पुस्तकातलं "खोलीचं तापमान" म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपास. तुमची खोली ४१ आणि शरीर ३७. लाळेच्या विकराला दोन्ही ठिकाणी छान जमतं. म्हणून खोली हा शब्दच वहीत लिहू नका, आकडा लिहा. मधलं तापमान हवं तर मटक्याचं पाणी घ्या, ते एप्रिलमध्येही २५ च्या जवळ राहतं.

बर्फाच्या नळीतही बर्फ लवकर वितळला असणार. बर्फ पाण्यासकट स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डब्याभोवती कापूस गुंडाळा. कापसाची आपल्याकडे काय वाण! पेज आणि लाळ वेगवेगळी गार होऊ द्या, मगच मिसळा. नाहीतर गार होता होता काम उरकतं.

३७ अंशांसाठी वीज नको, हिशेब पुरतो. उकळतं पाणी एक पेला आणि मटक्याचं पाच पेले, की साधारण ३७ येतं. ६० साठी अर्धं-अर्धं. भांडं थोडी उष्णता खातं, म्हणून मोजून घ्या. आणि या दिवसांत तुमच्या खोलीत ३७ चं पाणी गार होणार नाही, उलट हळूहळू चढेल, तेव्हा अधूनमधून मटक्याचं थोडं टाकत राहा.

शेवटी बर्फातली नळी बाहेर काढून कोमट पाण्यात ठेवा. विकर जागं होतं, निळा रंग जातो. उकळलेल्या लाळेची नळी कोमट पाण्यात कितीही ठेवली तरी निळीच राहते. माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा जीव इथे आहे. थंडीने विकर थांबतं, उकळीने मोडतं.

वाळ्याची_ताटी
उष्णतेच्या प्रयोगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पुस्तकात गरम पाण्याचा पेला घेऊन तो कसा निवतो ते मोजतात. भोवती गारवा असेल तर ते बरोबर, आणि आपल्याकडे ते डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करावं. पाणी आणि हवा यांच्यातला फरक जितका मोठा तितकं पाणी लवकर निवतं, म्हणून तेव्हा आलेखही सुरेख येतो. एका वेळी उकडलेला मोठा बटाटा, लहान बटाटा आणि कापडात एकत्र बांधलेले तीन लहान बटाटे घ्या. मधोमध थर्मामीटर खुपसून दर पाच मिनिटांनी नोंद. लहान एकटा सगळ्यात आधी निवतो, बांधलेले उशिरा. कोंबडीची पिल्लं थंडीत एकमेकांना का बिलगतात ते मुलांना सांगावं लागत नाही.

पण आत्ता खोली ४१ ची आणि अंग ३७ चं. नुसतं बसून अंगातली उष्णता बाहेर जाणार कशी? उलट आत येणार. मग एकच वाट उरते, घाम. तेच दाखवा. दोन सारखे स्टीलचे पेले, दोन्हींत ३७ चं पाणी, दोन्हींना सारखंच सुती कापड, एक कोरडं आणि एक ओलं. खिडकीच्या वाऱ्याला ठेवा. कोरडा चढेल, ओला उतरेल. एक ग्रॅम पाणी वाफ होताना साधारण २४०० ज्यूल घेऊन जातं, म्हणजे शंभर ग्रॅम पाणी पाच-सहा अंशांनी उतरवण्याइतकं. हाच प्रयोग ऑगस्टमध्ये परत करा. दमट हवेत ओला पेला फारसा उतरत नाही. पावसाळ्यात कूलर का बसतो ते घराघरात ठाऊक आहे, आता आकडेही येतील.

आपल्या शेतात मे महिन्यात बाया-माणसं डोक्याला दुपट्टा बांधतात. तो ऊन अडवतो, घामाने ओला झाला की गारही करतो. म्हैस डबक्यात बसते, कारण तिला घाम कमी आणि कातडी काळी. अशी उदाहरणं मुलांकडूनच काढून घ्या.

धुऱ्यावरचा_मास्तर
दोन्ही प्रयोग जोडताही येतील की. उष्माघातात ४२ अंशांना अंगातली विकरं शिजतात, म्हणून माणूस दगावतो.

प्रयोगशाळेतला_दादा
सर, तसं सांगू नका. मुलं आत्ताच पाहतील की ४१ च्या खोलीत लाळेचं विकर व्यवस्थित चालतं. ते खऱ्या अर्थाने मोडतं ६०-७० च्या पुढे. उष्माघातात शरीराची अनेक कामं एकाच वेळी बिघडतात, रक्ताभिसरण, पेशींची आवरणं, मेंदूचं काम, काही नाजूक प्रथिनंसुद्धा. म्हणून तो इतका घातक. प्रत्येक विकराची मर्यादा वेगळी असते. कच्च्या पपईचा चीक दुधात टाकून बघा, ६० अंशांवर दूध ३० पेक्षा लवकर फाटतं. पपईच्या विकराला ताप मानवतो. (चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते.) "४० च्या वर विकर मरतं" हे वाक्य पोरांच्या वहीत गेलं की पुढे काढणं जड जातं.

घाटंजीची_शिक्षिका
आज गरम नळीचा रंग जाऊन परत आलेला दाखवला. तो मुलगा तीनदा बुडवून पाहत होता! खूप आभार, दादा.

दोन शंका. काही पालकांना लाळ आवडली नाही. आणि थर्मामीटर कोणता घ्यावा? घरचा तापाचा चालेल का?

प्रयोगशाळेतला_दादा
तापाचा अजिबात नको. पाऱ्याचा असेल तर ४२ च्या वर आकडेच नसतात, गरम पाण्यात फुटतो. शिवाय त्याच्या नळीत आकुंचन असतं, पारा आपोआप खाली येत नाही, म्हणजे निवणं मोजताच येत नाही. उणे १० ते ११० वाला, लाल द्रवाचा घ्या. फुटला तरी पाऱ्याची धास्ती नाही. दुसरा वायरवाला डिजिटल, माशांच्या टाकीसाठी विकतात तो. बटाट्यात खुपसायला सोपा.

लाळेऐवजी मोड आलेली ज्वारी. दोन-तीन दिवस मोड येऊ द्या, वाटून गाळा, ते पाणी लाळेसारखं वापरा. दाणा उगवताना साठवलेलं स्टार्च फोडायला हेच विकर तयार करतो. १८३३ मध्ये पायेन आणि पर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोडाच्या जवातून, म्हणजे सातूतून, विकर वेगळं केलं होतं, तीच ही गोष्ट. फक्त ज्वारीचे मोड कोणी तोंडात टाकू नये, त्यांत विष असतं. कोवळी ज्वारी खाऊन ढोरं दगावतात ते याच विषाने. आणि लाळच घेतली तर ज्याची त्याने, नळ्या शेवटी साबणाने धुवायच्या. आयोडीन नसलं तर जखमेचं बेटाडीन दहापट पाण्यात चालतं.

घाटंजीची_शिक्षिका
ज्वारी आज रात्री भिजत घालते. वर्गातल्या एका मुलीने आत्ताच विचारलं, मोड पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वेगवेगळे वाटून पाहायचे का. मी हो म्हटलं आहे, तीन वाट्या लावतोय.

ओल्या-कोरड्या पेल्याचं शनिवारी केलं, एका पालकांच्या डिजिटल थर्मामीटरवर. अर्ध्या तासाने कोरडा ३८, ओला ३३. वीज नव्हती, खिडकीतून वारा होता तेवढाच.