मदत हवी आहे: घरी केलेलं स्टर्लिंग इंजिन दीड मिनिट चालून थांबतं

टर्नरकाका:

नमस्कार मंडळी. भोसरीच्या एमआयडीसीत ३४ वर्षं लेथवर काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. चिंचवडला घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे बटाल्याचा जुना साडेचार फुटी लेथ, एक बेंच ड्रिल आणि एक व्हाइस एवढा संसार मांडलाय. नोकरीत बुश केले, शाफ्ट केले, हजारांनी केले, पण ते ज्या मशीनमध्ये बसले ती चालताना फारशी कधी पाहिली नाही. म्हणून ठरवलं, एक इंजिन पहिल्या भागापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत आपल्या हातांनी करायचं.

स्टर्लिंग इंजिन निवडलं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या पाद्र्याने १८१६ साली याचं पेटंट घेतलं. बॉयलर नाही, व्हॉल्व्ह नाहीत, स्पार्क नाही. आत कोंडलेली तीच ती हवा एका टोकाला तापून फुगते, दुसऱ्या टोकाला निवून आकसते. डिस्प्लेसर हा ढिला दट्ट्या हवेला इकडून तिकडे ढकलतो, आणि पॉवर पिस्टन तिच्याकडून काम करून घेतो. क्रँकवर दोघांत ९० अंशांचं अंतर.

आता मापं. डिस्प्लेसरच्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) २५ मिमी, डिस्प्लेसर २३.५. म्हणजे चारी बाजूंनी पाऊण मिमी मोकळं, इथे हवा बाजूने जायलाच हवी. गरम बाजूचा सिलिंडर एमएसच्या (साध्या पोलादाच्या) बारमधून काढला, भिंत ३ मिमी. तो सरळ ॲल्युमिनियमच्या पंखेदार (उष्णता सोडायला पातळ पट्ट्या काढलेल्या) ब्लॉकवर बोल्ट केलाय. त्याच ब्लॉकवर पॉवर सिलिंडर उभा आहे: बिडाचा स्लीव्ह, बोअर २० मिमी, लॅप केलेला (बारीक पूड लावून घासून गुळगुळीत केलेला). पिस्टन ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका म्हणून. व्यासात फरक फक्त १० मायक्रॉन, म्हणजे मिमीचा शंभरावा भाग, ठेवलाय. खालचं तोंड अंगठ्याने बंद केलं की पिस्टन वरच तरंगत राहतो. इतकं बारीक फिटिंग घरच्या लेथवर जमलं याचं मला फार समाधान वाटलं होतं.

गेल्या रविवारी स्पिरिटचा दिवा लावला. मिनिटभराने फ्लायव्हीलला बोटाने धक्का दिला आणि इंजिन चालू लागलं! मी सौ.ला हाक मारली. ती कणकेच्या हातांनीच आली, पण उंबऱ्यात उभी राहते न राहते तोच वेग उतरला. दीड मिनिटात बंद. गार झालं की पुन्हा चालतं, पुन्हा दीड मिनिट. असं निदान वीस वेळा झालंय.

साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, नाही. क्रँकपिन डायल लावून तपासली, सरळ आहे. पिस्टनला थोडं इंजिन ऑइल दिलं, तर दीडाचं एक मिनिट झालं. चूक कुठे होतेय ते कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

मिरजेचा फिटर:

काका, आधी ते तेल काढा. एवढ्याशा इंजिनाची ताकद तेलाच्या चिकटपणातच संपते. पेट्रोलने धुऊन कोरडं चालवा, फार तर पेन्सिलीच्या शिशाची पूड लावा.

खरी शंका मला पिस्टनची आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात साधारण २३ भाग वाढतं, बीड ११. फरक १२ चा. ब्लॉक ४० अंशांनी तापला तर २० मिमी व्यासावर ९.६ मायक्रॉन झाले. तुमचे १० मायक्रॉन तिथेच गेले.

खात्री करून घ्या. दोन सिलिंडरांना जोडणाऱ्या वाहिनीचं आडवं भोक तुम्ही ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) बंद केलं असेल. इंजिन थांबलं की लगेच दिवा बाजूला करून तो स्क्रू काढा, म्हणजे आतल्या हवेचा दाब मध्ये येणार नाही. मग फ्लायव्हीलला टिचकी मारून फेरे मोजा. गार असतानाही तसेच मोजा.

पॉलिटेक्निकवाली:

काका, मी थर्मल शिकवते. पिस्टनबद्दल वरच्या दादांशी सहमत आहे, पण मुळात तो ब्लॉक इतका तापतोच का? हे इंजिन तापमानाच्या फरकावर चालतं. एमएस हे स्टेनलेसच्या साधारण तिप्पट उष्णता वाहून नेतं. आणि अर्धा मिमीची भिंत पुरली असती तिथे तुम्ही ३ मिमी ठेवलीत, म्हणजे सहापट वाट. तीन सक अठरा. दिव्याची उष्णता हवेला मिळायच्या आत धातूतूनच गार बाजूला पोचतेय. एकदा चालू इंजिनाच्या पंख्यांवर ओलं फडकं ठेवून बघा, उत्तर लगेच मिळेल.

टर्नरकाका:

आठ दिवसांनी लिहितोय, उशीर झाला, माफ करा. दोघांचं ऐकून एकेक गोष्ट केली.

ग्रब स्क्रू काढून टिचकी मारली. गार असताना ११ फेरे. थांबल्यावर लगेच मोजले तर अर्धा फेरासुद्धा नाही, पिस्टन हाताला जड लागत होता. दादा, तुमचं निदान अचूक. आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनची खोली बारा महिने २० अंशांवर असायची, जॉब तिथे तासभर ठेवल्याशिवाय कोणी मायक्रोमीटर लावत नसे. ती शिस्त मीच नव्या पोरांना शिकवलीय. घरी मात्र गार पिस्टन मोजला आणि तो गरम होऊन चालणार आहे हे ध्यानात घेतलं नाही.

नवा पिस्टन बिडाचा केला. स्लीव्ह आणि पिस्टन एकाच धातूचे, तापले तरी सारखेच वाढतील. वजन वाढू नये म्हणून आतून कोरून भिंत दीड मिमीवर आणली. तेल अजिबात नाही. इंजिन साडेपाच मिनिटं चाललं! मग मंदावलं, तेव्हा पंख्यांवर ओलं फडकं ठेवलं. ताई, फडक्यातून वाफ निघायला लागली आणि इंजिनाने पुन्हा वेग धरला. मी खुर्ची ओढून बसलो आणि बघतच राहिलो.

आता गरम सिलिंडर स्टेनलेसचा करतो. अर्धा मिमी भिंतीचा बारमधून काढायचा तर तो थरथरणार, म्हणून नळीच वापरायची म्हणतो. टोकाला चकती कशी जोडू?

मिरजेचा फिटर:

कथलाचा डाक नको, दिव्याच्या ज्योतीत वितळेल. चांदीचा डाक लावा, तो ६०० अंशांच्या वर वितळतो. फ्लक्स स्टेनलेसला चालणारा घ्या आणि जोड आधी पॉलिश पेपरने घासा. नळीसाठी बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, व्हर्निअर खिशात ठेवा.

पॉलिटेक्निकवाली:

आणि फ्लँजखाली, म्हणजे गरम सिलिंडर ब्लॉकला बोल्ट होतो त्या कडेखाली, सिलिकॉनचं गॅस्केट द्या. धातूला धातू टेकवू नका.

टर्नरकाका:

नळी दुसऱ्याच रविवारी मिळाली, बोअर २५.२. चकती ओळखीच्या सोनाराने डाक देऊन बसवली. त्याने आधी नळी हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, हा दागिना कुठला?

काल रात्री जेवणं झाल्यावर लावलं. या वेळी सौ. आधीपासूनच शेजारी बसली होती. २२ मिनिटं चाललं. दिव्यातलं स्पिरिट संपलं म्हणून थांबलं.