दात नसले तरी तोंडाची स्वच्छता हवीच

दात उरलेच नसतील तर रात्री कवळी पाण्यात ठेवली की वृद्धाश्रमाचे काम संपले, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. कवळी रात्री काढावी, एवढा भाग मात्र अगदी योग्य आहे. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर सेवकांनी तोंड स्वच्छ केलेल्या गटात ११ टक्के, तर अशी मदत न मिळालेल्या गटात १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. विशेष म्हणजे हा लाभ दात नसलेल्यांनाही मिळाला. जीभ, हिरड्या व टाळू यांवर साचलेले जंतू, गिळण्याची क्रिया मंदावलेल्या माणसाच्या लाळेबरोबर, बहुधा झोपेत, फुप्फुसांत उतरतात.

पक्षाघात झालेल्यांकडे तर अधिकच लक्ष हवे, कारण दुबळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो आणि संवेदना गेली असल्यास त्यांना तो जाणवतही नाही. माझ्या आत्याबाईंच्या बाबतीत आम्ही सेवकताईंना विनंती केली, तेव्हापासून त्या जेवणानंतर आत्याबाईंना सरळ बसवून, ओल्या मऊ कापडाने गालाची आतली बाजू आणि हिरड्या पुसून घेतात. दाखल करतानाच ही विनंती लेखी द्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन.