मदत हवी आहे: डोमेन एका वर्कस्पेस खात्यातून दुसऱ्यात हलवताना मधल्या मेलचं काय होतं?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. काकांची आणि आमची फर्म यंदा वेगळी झाली. मशिनं, देणीघेणी सगळं गोडीत वाटलं गेलं, अडलंय ते मेलपाशी. दोन्ही डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) काकांच्या गूगल वर्कस्पेस खात्यात, म्हणजे गूगलच्या कंपन्यांसाठीच्या मेलसेवेत आहेत. त्यांचं प्रायमरी, आमचं सेकंडरी. एक डोमेन एका वेळी एकाच खात्यात राहतं, म्हणून आमचं नवं खातं तूर्त एका कामचलाऊ डोमेनवर उघडलंय. १९ जणांचे जुने मेल तिकडे आणून झालेत.

गेल्या रविवारी डोमेन हलवायला बसलो. सगळ्यांचे पत्ते काकांच्या डोमेनवर बदलले, मग आमचं डोमेन काढायला गेलो, तर म्हणे वापरात आहे. यादीत आमच्या डोमेनचा एकही युजर नाही! रात्री साडेअकराला हात टेकले आणि सगळं पूर्ववत केलं. सोमवारी सकाळी गिऱ्हाइकाचं शेड्यूल मेलवर येतं, ते चुकून चालत नाही.

तर डोमेन अडकलंय कुठे? आणि जुन्या खात्यातून काढल्यापासून नव्यात येईपर्यंतचे मेल जातात कुठे? एमएक्स (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणारी नोंद) दोन्हीकडे गूगलचाच, म्हणजे तिथे बदलण्यासारखं काही नाही ना?

प्रतिसाद

युजरचा पत्ता बदलला की जुना पत्ता आपोआप त्याच युजरचा एलियास, म्हणजे जादा पत्ता होऊन बसतो. एकेक युजर उघडून ते काढा. मग ग्रुप बघा. 'सेल्स', 'पर्चेस' असले सामायिक पत्ते बहुधा ग्रुप असतात, युजरांच्या यादीत दिसतच नाहीत. काढण्याआधी सभासदांची नावं लिहून ठेवा.

एमएक्सला मात्र हात लावावाच लागेल. तो तसाच ठेवलात तर मधल्या वेळेत आलेला मेल ५५० (कायमच्या नकाराचा कोड) देऊन थेट परत जाईल आणि गिऱ्हाइकाला वाटेल तुम्ही दुकान बंद केलं. दोन दिवस आधी एमएक्सचा टीटीएल (ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. डोमेन काढण्याच्या तासभर आधी एमएक्स अशा सर्व्हरकडे वळवा जो उत्तरच देत नाही. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या मेल पाठवण्याच्या नियमावलीप्रमाणे निदान चार-पाच दिवस तरी करायला हवा. नव्या खात्यात सगळे पत्ते उभे राहिले की एमएक्स परत गूगलकडे. डीकेआयएमची (मेलवर डोमेनची सही करणारी) की नव्याने काढावी लागेल, एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची नोंद) तोच चालेल. आणि रविवार नको, शनिवारी रात्रीच बसा. नवं खातं डोमेन लगेच घेईलच असं नाही.

धागाकर्ता

पर्चेसचा ग्रुपच होता! शिवाय १९ एलियास. शनिवारी पुन्हा बसतोय. ॲडमिनचा ओटीपी काकांच्या फोनवर येतो, म्हणून त्यांना सांगून ठेवलंय की त्या दिवशी दहाला झोपू नका.