मूळ म्हणजे नेमकं कुठल्या सालचं?

'हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी; ती मुळातच बदललेली, मग आज नवं शेव्हरोले इंजिन बसवलं तर काय बिघडलं?' हा मुद्दा वरवर पटतो, पण मला मान्य नाही. १९३२ची फोर्ड कारखान्यातून सळईने चालणाऱ्या यांत्रिक ब्रेकवर आली. फोर्डने हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक दिले १९३९ साली, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तेच काढून जुन्या गाड्यांना लावले. म्हणजे जपायचं ते कारखान्याचं रूप नव्हे, त्या पोरांच्या हातचं काम! १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात हॉट रॉडसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग ठेवला, तेव्हा हॉट रॉड घडवणाऱ्या डोन स्पेन्सरची रोडस्टर (उघड्या टपाची गाडी) पहिली आली, ती त्याने घडवलेल्या रूपातच.

म्हणून ज्या गाडीला असा इतिहास आहे, तिचं फ्लॅटहेड व्ही-८ (फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन) काढू नका. गरम होतं, मान्य; रेडिएटर नीट साफ करून घ्या, पाण्याचे पंप बघा. सीटबेल्ट आणि दुहेरी मास्टर सिलिंडर (ब्रेकची एक बाजू निकामी झाली तरी दुसरी चालते) मात्र मी बिनदिक्कत लावीन. फक्त चासी (गाडीचा सांगाडा) कापायची नाही, नवीन भोकं शक्यतो पाडायची नाहीत आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा.

नवीन पत्र्याच्या बॉडीवर उभारलेल्या गाडीत काय हवं ते इंजिन टाका, तिथे माझी काहीच हरकत नाही.