मारुती ८०० (२००३) साठी स्टिरिओ सुचवा. मीडियम वेव्ह हवाच, बजेट ५ हजार

भोरकर_८००
नमस्कार मंडळी. बाबांची आठशे दुसऱ्यांदा पासिंग करून आणली, पर्यावरण कर भरला, म्हणजे आता ती कुठे जात नाही. आतला कॅसेट प्लेअर मात्र गेला. ब्लूटूथ, एफएम हवं. बाबांना सकाळच्या बातम्यांसाठी पुणे आकाशवाणी हवी, ७९२ किलोहर्ट्झ. डॅशबोर्ड कापायचा नाही. फिटिंगसकट ५ हजार. पाच म्हणजे पाच.

बेसबहाद्दर
नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीनचा सेट टाका, डोळे मिटून. माझ्या स्विफ्टला टाकलाय, १४ हजार. मॅप, यूट्यूब, मागचा कॅमेरा, सगळं एकात.

पेठेतला
धागा वाचता का हो? आठशेला सिंगल डिनची, म्हणजे लहान मापाची खाच असते, १८० बाय ५० मिमी. नऊ इंची काय बॉनेटवर लावायचा?

बेसबहाद्दर
थोडंसं कापायचं. मेव्हण्याने झेनची कापलीय, कळतसुद्धा नाही.

धक्का_स्टार्ट
काहीही घ्या, पण फिटिंग करताना समोर उभे राहा. माझ्या ओम्नीत फिटरने लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला दिली होती. त्र्यंबकला मुक्काम, सकाळी गाडी ठार. सासरे धोतर खोचून धक्का मारत होते. ते अजून काढतात. पिवळी कायम बॅटरीवर (घड्याळ, स्टेशनं लक्षात राहायला), लाल किल्लीवर.

रामराम_पाव्हणं
मी पण एकत्रच केल्यात, सहा वर्षं झाली. किल्ली न लावता गाणी ऐकता येतात.

धक्का_स्टार्ट
तुमची गाडी रोज फिरते म्हणून. पंधरा दिवस उभी ठेवा, मग बोलू.

ऐरोलीचा_अण्णा
आता मीडियम वेव्ह कोण ऐकतं? आकाशवाणी अॅपवर लागते. बाबांना अॅप द्या.

भोरकर_८००
बाबांचा फोन बटणांचा आहे. आणि महाडला आत्याकडे जाताना वरंध घाटात माझ्याच फोनला रेंज नसते.

सोल्डरकाका
आधी एक सांगा. जुन्या प्लेअरकडून प्रत्येक स्पीकरला दोन वायरी जातात की एकच?

बेसबहाद्दर
अॅम्प्लिफायर आणि मागे बारा इंची सबवूफर टाकलात तर अँड्रॉइडही नको. काचा हलतात राव!

पेठेतला
आठशेची बॅटरी जेमतेम ३५ एएच. काचा हलतील आणि इंजिन हलणार नाही.

भोरकर_८००
@सोल्डरकाका, खाली वाकून बघितलं. एकच वायर जाते. स्पीकरचं दुसरं टोक तिथेच बॉडीला स्क्रूने कसलंय.

सोल्डरकाका
वाटलंच. जुन्या कॅसेट प्लेअरला ते चालायचं. आताच्या सेटमध्ये स्पीकरची उणे बाजूही आयसीतूनच (आवाज वाढवणाऱ्या चिपमधूनच) येते. ती बॉडीला लागली की सेट प्रोटेक्टला जातो (स्वतःच बंद होतो) किंवा आयसी जळतो, आणि दुकानदार म्हणतो सेटच खराब निघाला. दोन्ही स्पीकरना स्वतंत्र दोन-दोन वायरी नव्या ओढा. सेटच्या हार्नेसमध्ये (मागच्या वायरींच्या गुच्छात) पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती उणे. मागच्या हिरव्या-जांभळ्या वापरणार नसाल तर चारही टोकं वेगवेगळी टेप करा. खोक्यावरच्या '५० वॉट गुणिले ४' ला भुलू नका, खरे पंधरा-वीस निघतात. त्यापेक्षा पैसे स्पीकरवर घाला.

रामराम_पाव्हणं
मी तेच म्हणणार होतो. स्पीकर चांगले घ्या.

ऐरोलीचा_अण्णा
अवांतर: त्या गाडीचे आत्ता किती येतील? विका आणि वॅगनआर बघा.

पेठेतला
नवे स्वस्त ब्लूटूथ सेट बघाल तर खोक्यावर मीडियम वेव्ह किंवा एएम (इथे दोन्ही एकच) लिहिलंय का बघा, बहुतेकांत नसतं. सेकंडहँड तर नकोच. जपानी निघाला तर एफएम ९० च्या वर चढत नाही. अमेरिकन निघाला तर एएम दहा-दहाने उड्या मारतो, ७९० नंतर थेट ८००. तुमचा ७९२ मधल्यामध्ये गायब.

बेसबहाद्दर
+१, सेकंडहँड नको. नवा अँड्रॉइड घ्या.

धक्का_स्टार्ट
+१. जुना सेट म्हणजे दुसऱ्याचं दुखणं.

भोरकर_८००
अपडेट. बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून सेकंडहँडच आणला. 😀 कुठल्याशा जुन्या गाडीतून निघालेला कंपनी सेट, १,१०० रुपये. विक्रेत्याला स्कूटरच्या बॅटरीवर लावायला लावला, ७८३ वरून बटण दाबलं तर ७९२ आलं, म्हणजे नऊ-नऊने चढतो, तिथेच पैसे दिले. ब्लूटूथ नाही, फोन जोडायला ऑक्सची वायर टाकलीय. सीडी गिळतो, परत देत नाही. स्पीकर नवे चार इंची, १,८००. वायरी काकांच्या सांगण्याप्रमाणे नव्या ओढल्या, पिवळीला फ्यूज. फिटिंग ६००. पण मीडियम वेव्हवर सारखी घरघर येत होती. दोन दिवसांनी कळलं, लायटरमध्ये खुपसलेला मोबाईल चार्जर. काढला की बातम्या स्वच्छ.

सोल्डरकाका
घरघर चार्जरची असणार हे मी सांगणारच होतो. सीडी आत कुठली अडकलीय?

भोरकर_८००
विक्रेत्याची. काय आहे ते त्यालाही माहीत नाही.

बेसबहाद्दर
३,५०० झाले ना? उरलेल्या दीड हजारात छोटा सब बसतो.