क्लब विश्वचषकाची पात्रता: चार वर्षांचा हिशोब कितपत न्याय्य?

उत्तरार्ध (धागालेखक):
अमेरिकेत २०२५ च्या जून-जुलैमध्ये ३२ संघांचा फुटबॉलचा फिफा क्लब विश्वचषक झाला, तेव्हा त्या मोसमातील इंग्लंडचा विजेता लिव्हरपूल, स्पेनचा बार्सिलोना आणि इटलीचा नापोली हे तिघेही त्यात नव्हते. ऑस्ट्रियाचा साल्झबुर्ग मात्र होता. यात योगायोग काही नाही, नियमच तसे होते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांतील खंडीय विजेते, उरलेल्या जागांसाठी त्याच काळातील कामगिरीची क्रमवारी आणि विजेत्यांचा अपवाद सोडता एका देशाचे जास्तीत जास्त दोन संघ, अशी ती रचना होती.

माझा आक्षेप देशमर्यादेवर नाही, कालमर्यादेवर आहे. चेल्सीला प्रवेश मिळाला तो २०२१ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपच्या खंडीय स्पर्धेतील विजेतेपदावर. त्यानंतर हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि सलग दोन मोसम चॅम्पियन्स लीगच्या बाहेर राहिला. याउलट २०२५ मध्ये आपापल्या खंडाची स्पर्धा जिंकणारे सौदी अरेबियाचा अल अहली, इजिप्तचा पिरॅमिड्स आणि मेक्सिकोचा क्रूझ अझुल यांना जागाच नव्हती, कारण मोजणी २०२४ लाच संपली होती. ताज्या खंडीय विजेत्याला थेट प्रवेश द्यावा आणि तीन-चार वर्षांपूर्वीच्या विजेत्याने पात्रता फेरी खेळून यावे, असे माझे मत आहे.

डावी बगल:
आपण निवडलेले उदाहरण आपल्याच मुद्द्याच्या मुळावर येते. त्याच चेल्सीने अंतिम सामन्यात युरोपचा ताजा विजेता पॅरिस सेंट-जर्मेन याला ३-० असे हरवून चषक नेला. जो संघ प्रवेशास अपात्र होता असे आपण म्हणता, तोच शेवटी सर्वांत पुढे राहिला.

दुसरे असे की, बाद फेरीच्या स्पर्धेत एक मोसम एखाद्या संघाला साधतो, पण चार मोसम सातत्याने वरच्या फेऱ्या गाठणे हे नशिबाचे काम नसते. शिवाय गटांची सोडत डिसेंबर २०२४ मध्येच निघाली होती. मैदाने, सरावाची ठिकाणे, तिकीटविक्री आणि प्रवास हे सारे त्यावर अवलंबून असते. स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना संघ ठरवणे व्यवहार्य नाही.

उत्तरार्ध:
जिंकल्यामुळे प्रवेश योग्य ठरत नाही. लिव्हरपूलला संधी मिळाली असती तर त्यांनी काय केले असते, हे कोणालाच ठाऊक नाही. पॅरिसचे उदाहरण आपणच काढलेत, तर ते जरा जवळून पाहू. या संघाने ३१ मे रोजी इंटर मिलानला ५-० असे हरवून युरोप जिंकला, पण अमेरिकेतील त्यांची जागा त्या विजयामुळे नव्हे, तर जुन्या क्रमवारीमुळे आधीच निश्चित झाली होती. त्या वर्षी उपांत्य फेरीत आर्सेनल आणि बार्सिलोना हेही होते. त्यांच्यापैकी कोणी विजेता ठरला असता, तर युरोपचा विजेता दोनच आठवड्यांनी सुरू झालेल्या विश्वचषकात दिसलाच नसता. रचनेची अब्रू केवळ निकालाच्या कृपेने वाचली.

आणि व्यवहार्यतेचे म्हणाल, तर मेक्सिकोच्या लिऑनला, पाचुका आणि तो एकाच मालकीचे असल्यामुळे, वगळल्यावर रिकामी झालेली जागा लॉस एंजेलिस एफसीने मेक्सिकोच्याच क्लब अमेरिकाला अतिरिक्त वेळेत २-१ असे हरवून मिळवली, तीही ३१ मे रोजीच. स्पर्धा १४ जूनला सुरू झाली आणि त्या संघासाठी सारी व्यवस्था झालीच ना?

तटस्थ मैदान:
आपण दोघेही युरोपभोवतीच फिरत आहात. मला सर्वांत खटकली ती यजमानांची जागा. इंटर मायामीला ती एमएलएस या अमेरिकेच्या लीगच्या साखळी फेरीत सर्वाधिक गुण मिळवल्याबद्दल दिली गेली, आणि तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे मोसमाची बाद फेरी सुरू होण्यापूर्वीच. पुढे त्या बाद फेरीत मायामी पहिल्याच टप्प्यावर गारद झाला आणि एमएलएस चषक लॉस एंजेलिस गॅलक्सीने जिंकला. निकष आधी जाहीर करून मग संघ ठरतो, की संघ मनात धरून निकष शोधला जातो, अशी शंका येथे कोणालाही येईल. मायामीने नंतर विश्वचषकात पोर्तुगालच्या पोर्तोला हरवले, ही गोष्ट खरी, पण तिचा या प्रश्नाशी संबंध नाही.

ओशनियाच्या जागेवर मात्र उगाच टीका होते. न्यूझीलंडचा अर्धव्यावसायिक ऑकलंड सिटी जर्मनीच्या बायर्नकडून १०-० असा हरला, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच संघाने अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सला १-१ असे रोखले आणि बोका एकही सामना न जिंकता घरी गेला, हे फारसे कोणी सांगत नाही.

डावी बगल:
यजमानांच्या जागेबद्दल सहमत आहे. तिचा बचाव करण्यासारखे काही नाही. मूळ प्रश्नावर मात्र माझे मत कायम आहे. एका रिकाम्या जागेसाठी घाईत सामना घेणे वेगळे आणि सहाही खंडीय महासंघांच्या ताज्या विजेत्यांसाठी शेवटपर्यंत जागा राखून ठेवणे वेगळे. शिवाय ‘ताजा’ म्हणजे नक्की कधीचा? दक्षिण अमेरिकेचा कोपा लिबर्तादोरेस नोव्हेंबरच्या सुमारास संपतो, युरोपचा मोसम मेअखेर. म्हणजे ब्राझीलच्या विजेत्याने अर्धा संघ विकून यावे आणि युरोपच्या विजेत्याने तोच संघ घेऊन उतरावे, हा कोणता समान न्याय? ब्राझीलचे चारही संघ चार वेगवेगळ्या वर्षांचे विजेते म्हणून आले होते. ते चौघेही गटसाखळी पार करून गेले आणि २०२३ चा विजेता फ्लुमिनेन्से उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. आपल्या नियमाने यांतील किती जणांना पात्रता फेरी खेळावी लागली असती, याचा विचार करा.

उत्तरार्ध:
ब्राझीलबाबतचा मुद्दा वजनदार आहे आणि तेथे चार वर्षांच्या मोजणीने न्याय केला, हे मान्य. मग विजेत्यांना हात न लावता क्रमवारीला लावू. युरोपच्या १२ संघांपैकी विजेते म्हणून आलेले तीनच होते, कारण रेआल माद्रिदने दोनदा जिंकले. बाकीचे नऊ क्रमवारीवर आले. त्या नवांतील शेवटची जागा स्पर्धेच्या वर्षीच्या विजेत्यासाठी मोकळी ठेवावी, आणि तो आधीच पात्र असेल तर क्रमवारीतील पुढच्या संघाला ती द्यावी. आशिया, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका यांच्या प्रत्येकी चार जागांत मात्र हे इतके सहज बसत नाही. उत्तर अमेरिकेच्या चारही जागा, लिऑनला वगळण्यापूर्वी, चार वेगळ्या विजेत्यांनीच भरल्या होत्या, तेव्हा तेथे पाचवी जागा लागेल. ती यजमानांच्या जागेतून काढावी, असे मी सुचवेन.