दादाचं अफेअर बाहेर आलंय, मी वहिनीच्या बाजूने बोलले तर आई माझ्याशी बोलत नाहीये

धाकटी_आत्या:
नमस्कार, मोबाईलवरून टाइप करतेय, चुका समजून घ्या. माझा दादा ४१ वर्षांचा, लग्नाला १३ वर्षं झाली, मुलगी १० ची, मुलगा ५ चा. आई-बाबा पण त्यांच्याकडेच असतात, घर बाबांच्या नावावर आहे. दिवाळीनंतर वहिनीला दादाच्या गूगल पे मध्ये एकाच नावावर दर महिन्याला पैसे गेलेले दिसले. विचारलं तर आधी म्हणे उसने दिलेत, मग आरडाओरडा, आणि तीन दिवसांनी कबूल केलं की ऑफिसमधली आहे, दीड वर्ष झालं, तिचंही लग्न झालंय.
वहिनीचा मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला माहीत होतं का?" मला खरंच माहीत नव्हतं, पण तो प्रश्न अजून टोचतोय.
आई म्हणते पुरुषाचं पाऊल कधी घसरतं, बाईनं सांभाळून घ्यायचं, उगाच बभ्रा नको. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसतात, पान उलटत नाहीत. भाचा परत रात्री गादी ओली करायला लागलाय. भाची शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी चपलांच्या स्टँडकडे बघते, बाबांचे बूट आहेत का. परवा किचनमध्ये माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, ते माझ्या ट्यूशनच्या फीवरून भांडतायत ना?" मला काही उत्तरच सुचलं नाही.
मुलांना काय सांगायचं? आणि आई म्हणते वहिनी माहेरी गेली तर तिचा घरावरचा हक्क जाईल, हे खरं आहे का?

मिरजेचा:
ताई, मी १२ वर्षांचा होतो तेव्हा आमच्याकडे हेच झालं, म्हणून लिहितोय. बाबा मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचे, घरी सांगायचं क्लासला सोडतो, आणि त्या बाईंच्या बिल्डिंगखाली मला आईस्क्रीम घेऊन द्यायचे आणि म्हणायचे पंधरा मिनिटांत आलो, आईला सांगू नको. मी नाही सांगितलं. पुढे सगळं बाहेर आलं तेव्हा आईनं मला विचारलं, तुला माहीत होतं? तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही, फसवलं बाबांनी आणि गुन्हेगार मी झालो. आज ३६ चा आहे, घरी यायला दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी बायकोला फोन करतो, नाहीतर छातीत धडधडतं.
भाचीला लगेच सांगा, तुझ्या फीचा काही संबंध नाही, तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही. बाकी डिटेल नको, त्या बाईचं नाव तर अजिबात नको. पण तिला कुणीही, अगदी आजीनंसुद्धा, हे बाबांना सांगू नको ते आईला सांगू नको असं म्हणायचं नाही, एवढं घरात सगळ्यांकडून कबूल करून घ्या. आमच्याकडे कुणी काही बोललंच नाही, मला बाकीचं भाजीच्या गाडीपाशी शेजारणींकडून कळलं.

ॲड_कोर्टवाली:
कायद्याचं सांगते. पोलीस केस होईल का असं प्रत्येक जण विचारतं, तर नाही, व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. आणि त्या कलमातही बायकोला नवऱ्याविरुद्ध तक्रार करता येतच नव्हती, तक्रार त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याने करायची आणि तीही तिच्याबरोबरच्या पुरुषावर. पण हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ खाली घटस्फोटाला हे कारण आजही चालतं.
घराचं म्हणाल तर तुमच्या आईंचं चुकतंय. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली बायकोला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी असू शकतो हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. हा मालकी हक्क नाही, राहण्याचा आहे, पण चार दिवस माहेरी जाऊन आलं म्हणून तो जात नाही. वहिनींना म्हणावं बँक स्टेटमेंट, मुलांच्या फीच्या पावत्या, पासबुकं यांच्या कॉपी आत्ताच काढून ठेवा आणि रागात कुठल्याही कागदावर सही करू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. लगेच घटस्फोटच घ्या असं मी म्हणत नाहीये, तो निर्णय त्यांचा, फक्त भीतीपोटी घेऊ नका.

नाव_नको:
मी त्या दुसऱ्या बाईच्या जागी होते, चार वर्षं. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. सणाला त्याचा फोन बंद, माझी आई ॲडमिट होती तेव्हा तो येऊ शकला नाही, आणि मी मनाशी म्हणायचे त्याच्या बायकोशी त्याचं पटतच नाही, म्हणजे मी कुणाचं काही घेत नाहीये. तिला मी कधी माणूस म्हणून बघितलंच नाही. मग एकदा ऑफिसच्या गणपतीत ती आली, हातात मोदकांचा डबा, मलाही एक दिला आणि म्हणाली, हे तुमच्या कामाचं फार कौतुक करतात. मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. त्यानंतरही सहा महिने थांबवलं नाही, हे पण खरंच सांगते.
ताई, एकच विनंती, रागात तिच्या घरी जाऊन तमाशा करू नका. तिलाही मुलं असतील तर तिथेही कुणीतरी चपलांचं स्टँड बघत असेल. जाब विचारायचा तर तुमच्या दादाला विचारा, लग्नाचा शब्द वहिनींना त्याने दिला होता.

धाकटी_आत्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला ॲडव्होकेट ताईंचं सगळं वाचून दाखवलं, तिने सकाळीच झेरॉक्स काढून माझ्याकडे ठेवायला दिल्यात. दादाला फोन केला, म्हणाला तू माझी बहीण आहेस की तिची, मी म्हटलं मुलांची आत्या आहे. त्यावर त्याने फोन ठेवला. आई अजून बोलत नाहीये.
भाचीला गच्चीवर नेऊन सांगितलं, फीचं काही नाही, तुझं काही चुकलेलं नाही. ती बराच वेळ कठड्याचा रंग नखाने खरवडत होती, मग म्हणाली, "मग मी सोमवारपासून ट्यूशनला परत जाऊ?" तेव्हा कळलं की पंधरा दिवस झाले ती ट्यूशनला जातच नव्हती, खाली पार्किंगमध्ये बसून परत यायची.